छत्तीसपैकी अठ्ठावीस

अठरा गुण जुळले की लग्न उरकून घेणारी आपली माणसं. त्यांच्या हाती मोजमाप देऊ नये, हे पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर तरी मला कळायला हवं होतं. पण ते मीच दिलं, आणि देताना हसले.

आधी मोजमाप काय होतं ते सांगते. लोखंड वाकतं. गाडीच्या चासीवर एक माणूस उभा राहिला तरी ती वाकते; फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही एक काळा लेप तयार केला. त्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या होत्या. लेप ताणला की नळ्या एकमेकींपासून जराशा दूर सरकतात आणि त्यातून वाहणारी वीज तेवढीच कमी होते. हा ताणलेप चासीला फासला की तिचा वीत-वीतभर तुकडा बोलायला लागतो: माझ्यावर इतकं वजन आहे आणि ते इथे आहे. उभ्या गाडीत, धावत्या गाडीत, खड्ड्यात, क्षणाक्षणाला. काट्यावर जायची गरज नाही. जगात कुठल्याच गाडीला तोवर स्वतःचं वजन माहीत नव्हतं. आमच्यामुळे ते कळू लागलं.

नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे दोन हजार त्रेचाळीसच्या आगेमागे, पेन्शनरांना नवं खूळ लागलं. बॅटरीवर चालणारा पिकअप घ्यायचा, त्याच्या हौद्यात एक आयतं घर बसवायचं आणि हिंडायचं. आमचा लेप वापरणारी कंपनी त्याला ‘पाठघर’ म्हणायची. मी खुराडं म्हणते. जन्मभर सोसायटीच्या गेटबाहेर कच्चा रस्ता न पाहिलेली मंडळी खुराड्यात बसून डोंगर बघायला निघाली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

खुराडं आणि पिकअप यांची जुळणी हा खरा प्रश्न होता. वजन किती, यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व. मोटारसायकलच्या मागे भरलेला गॅस सिलिंडर बांधून चढ चढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. हँडल हलकं होतं, पुढचं चाक आपलं ऐकेनासं होतं. घराचा भार मागच्या एक्सलच्या पुढे पडला तर चारही चाकं तो वाटून घेतात. मागे पडला तर मागची चाकं चेपतात आणि पुढची उचलली जातात. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. खडबडीत चढावर, वळणावर, एकदाच कळतं.

हे सगळं गिऱ्हाइकाला कसं सांगायचं, यावर कंपनीत बैठक झाली. विक्रीवाले म्हणाले, “मॅडम, लोकांना समजेल असं काहीतरी द्या.”

मी म्हणाले, “लोकांना? त्यांना पत्रिका द्या. छत्तीस गुण. तेवढंच समजतं त्यांना.”

सगळे हसले. तीन महिन्यांनी पडद्यावर पत्रिका आली. गाडी आणि घर पहिल्यांदा जोडलं की लेप वजनं वाचायचा आणि छत्तीसपैकी गुण द्यायचा. भार कुठे आहे त्याला आठ गुण आणि नाव ‘नाडी’. अठराच्या वर गेलं की हिरवा दिवा, आणि तो कायमचा हिरवा. धावत्या गाडीतले खरे आकडे गिऱ्हाइकाला दाखवायचे नाहीत, घाबरतं म्हणे. ते फक्त प्रयोगशाळेला आणि माझ्यासारख्या सल्लागारांना दिसणार. मी नाक मुरडलं आणि सही केली. मूर्खांना मूर्खपणाच पचतो, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं. निवृत्त झाले, सल्लागारकी तेवढी ठेवली आणि कराडला वडिलांच्या पाट्यांच्या कारखान्यात येऊन बसले. पाटे म्हणजे गाडीखाली एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडीचा भार तोललेला असतो. तिथे मुनीरभाई होते, वडिलांच्या वेळचे कारागीर. शाळा चौथीपर्यंत, पण पाट्यावर नुसती टिचकी मारून तडा कुठे आहे ते सांगणारे. आयुष्यात मी ज्यांचा मनापासून मान ठेवला अशी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यातले ते एक.

असो. एका रविवारी माझी धाकटी बहीण कुंदा आणि तिचे यजमान विलासराव पुण्याहून खुराडं घेऊन कारखान्यात दाखल झाले. विलासराव बँकेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ज्या विषयातलं काही कळत नाही त्या विषयावर खर्जात बोलण्याची त्यांना सवय.

“ताई, अठ्ठावीस!” उतरायच्या आधीच ते ओरडले. “आमच्या लग्नात बावीसच जुळले होते.”

“नाडी किती?”

“नाडी शून्य आहे, एकनाड. पण त्याचा परिहार केलाय.”

“परिहार?”

“विक्रेत्यानंच सांगितलं. मागे चार पाटे जादा टाकले. आधी गाडी मागून बसायची, आता बघा कशी सरळ उभी आहे.”

मुनीरभाई वाकून बघत होते. ते नुसते “च्च” म्हणाले.

“विलासराव,” मी म्हणाले, “बसलेली गाडी निदान सांगत तरी होती की मला झेपत नाही. तुम्ही तिचं तोंड बांधलंत. पाट्याने गाडी उचलली जाते, वजन जागचं हलत नाही. ते होतं तिथेच आहे, एक्सलच्या मागे.”

“पण दिवा हिरवा आहे ना?”

गाढवापुढे वाचली गीता! मी गाडी कारखान्यातल्या वजनकाट्यावर घ्यायला लावली. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे सगळे खाली उतरलो. काट्यावर माणूस ठेवून वजन करत नाहीत, लबाडी समजतात ती. मुनीरभाईंनी पुढच्या चाकांचं वजन वाचलं. “एक हजार चाळीस.” घर नसताना ते साडेअकराशे असतं. फार वाईट नव्हतं. चांगलंही नव्हतं.

मग मी आत शिरले. आणि बघते तर घराच्या अगदी शेवटच्या टोकाला, मागच्या खिडकीपाशी, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा!

“हे काय आहे?”

“ओटा आहे गं अक्का,” कुंदा म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. “मी मुद्दाम करून घेतला. यांच्या अकरा बदल्या झाल्या ना, अकरा स्वयंपाकघरं झाली माझी. कुठल्याच ओट्यासमोर खिडकी नव्हती. कुठे भिंत, कुठे डक्ट. म्हटलं, आता पोळ्या करताना समोर डोंगर दिसू दे.”

“त्यासाठी ग्रॅनाइट? कुंदे, जिथे एक किलो ठेवायचा नाही तिथे तू फरशी बसवलीस. पत्र्याचा ओटा चालला नसता? म्हातारपणी दगड घेऊन हिंडणार का?”

मी एवढ्यावर थांबले नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पुण्यात हसतील म्हणाले, प्रयोगशाळेत या ओट्याचा फोटो लावते म्हणाले. मुनीरभाईंनी मान फिरवली. कुंदाने पदराने ओटा पुसला, काही लागलेलं नसताना पुसला, आणि खाली उतरली. मी रस्सा करून ठेवला होता. तो न खाताच ती दोघं निघाली.

“हा दगड काढल्याशिवाय हायवे सोडू नका,” मी मागून ओरडले.

“दिवा हिरवा आहे, ताई,” विलासरावांनी हात हलवला.

पुढचे दोन दिवस मी त्यांच्या गाडीचे आकडे बघितले नाहीत, असं मी मुनीरभाईंना सांगितलं. बघत होते. बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला नकाशावरचा गाडीचा ठिपका पाटणच्या पुढे सरकला आणि डोंगराकडे वळला. वरच्या पठारावर जुन्या पवनचक्क्या मोडून खाली आणत होते. पाती वाहणाऱ्या लांबलचक ट्रेलरांनी तो घाट पार उखडून ठेवलाय, हे आख्ख्या तालुक्याला ठाऊक. विलासरावांना मात्र कुणीतरी तिथला सूर्यास्त पाहायला सांगितला होता.

मोबाईलवर पुढच्या चाकांचा आकडा होता नऊशे वीस. मला तो खटकला. दोन माणसं पुढे बसली की आकडा वाढायला हवा होता. तो काट्यावरच्यापेक्षा एकशेवीसने कमी होता. चढ लागला तसा तो आठशे, सातशे, सहाशे चाळीसवर आला. प्रत्येक खड्ड्यात क्षणभर तीनशेवर आपटायचा आणि परत यायचा.

मी फोन लावला. चौथ्या वेळी कुंदाने उचलला.

“आता काय, अक्का?”

“गाडी थांबवा! पुढची चाकं उचलायला लागलीत. तो दगड आधी फेकून दे!”

“अक्का, परत दगड?”

“परत म्हणजे? अक्कल गहाण ठेवली का दोघांनी?”

मग विलासरावांचा खर्ज आला. “ताई, अठ्ठावीस गुण आहेत. आणि ते तुमच्याच यंत्राने दिलेत.” फोन बंद झाला.

मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीही मला भीतीच्या आधी राग आला. मरा, असं मी तोंडाने म्हणाले. मुनीरभाईंनी ऐकलं. ते हातातला हातोडा खाली ठेवून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

आकडा दोनशे झाला. नव्वद झाला. मग शून्य झाला.

खड्ड्यात शून्य होतो आणि परत येतो. हा परत आला नाही. मी वीसपर्यंत मोजलं. शून्यच. वजनाच्या आकड्यांवर मी आयुष्य काढलं, पण पुढचं चाक म्हणजे त्याच्या मागे बसलेली बहीण, असा आकडा मी आधी कधी वाचला नव्हता. फोन मुनीरभाईंनी लावून दिला.

“अक्का,” कुंदाचा आवाज अगदी हळू होता. “गाडी मागे घसरली. वळणावर चाक वळलंच नाही. मागचा भाग कठड्यावर टेकलाय आणि आम्ही वर आहोत. समोर नुसतं आभाळ दिसतंय. हे दार उघडून उडी मारतो म्हणताहेत.”

“नाही! विलासराव, दाराला हात लावू नका. दोघंही हलू नका. तुमचं वजन पुढे आहे म्हणूनच गाडी तिथे आहे.”

काट्यावर मी ज्यांना खाली उतरवलं होतं ती दोन माणसं आता तो कठडा आणि ती दरी यांच्यामधला सगळा तोल होती.

आणि तेव्हा, इतक्या उशिरा, माझं डोकं चालायला लागलं. दगड तर काट्यावर होताच. एक हजार चाळीस दगडासकट होते. मग हे मागचं नवं वजन कुठलं?

“कुंदे, पाण्याची टाकी कुठे आहे?”

“ओट्याखाली.”

“केवढी?”

“दोनशे वीस लिटर. आधीची लहान होती, यांना रोज अंघोळ लागते म्हणून बदलून घेतली. तुझ्याकडून निघाल्यावर पंपावर भरली.”

फरशी साठ किलोची असेल. पाणी दोनशे वीस. गाडीच्या पार शेवटच्या टोकाला. मी त्या ओट्यापुढे उभी राहून पाव तास तोंड चालवलं होतं आणि त्याच्या खालचं कपाट उघडून पाहिलं नव्हतं.

“ऐक. समोरच्या पडद्यावर पाण्याचं चित्र आहे. ते दाब. त्यात ‘टाकी रिकामी करा’ असं येईल.”

“यांना दिसेना. चष्मा खाली पडलाय.”

“तू दाब. हात लांब कर, अंग हलवू नकोस.”

पलीकडून पाणी पडल्याचा आवाज आला. टाकी रिकामी व्हायला नऊ मिनिटं लागतात, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. “होईल आता,” एवढंच म्हणाले. असला धीर देण्याची मी आयुष्यभर टर उडवली आहे.

दोन मिनिटं शून्य. तिसरं मिनिट शून्य.

“अक्का,” कुंदा म्हणाली, “त्या दिवशी तू दगडाबद्दल इतकं बोललीस. पाण्याबद्दल का नाही विचारलंस?”

चौथं मिनिट. शून्यच.

“मी सांगितलं असतं गं. मला ठाऊक होतं ना टाकी केवढी आहे ते. तू विचारलं असतंस तर मी लगेच सांगितलं असतं.”

ती भांडत नव्हती, म्हणूनच ते ऐकवेना. आकड्याकडे बघत मी तोंडात पदराचा बोळा धरून उभी होते. माझ्याकडे बघून मुनीरभाईंनी फोन आपल्या हातात घेतला आणि म्हणाले, “कुंदाताई, मुनीर बोलतोय. पानी जातंय न्हवं? जाऊ द्या. आमी आकडा बघतोय हितनं.”

पाचव्या मिनिटाला चाकं जमिनीला टेकल्याचा दणका फोनवर ऐकू आला आणि आकडा दहा झाला. मग पस्तीस. ऐंशी. एकशेचाळीस. मुनीरभाई एकेक आकडा मोठ्याने वाचत होते. आकडा तीनशेवर स्थिरावल्यावर मी म्हणाले, “आता हँडब्रेक. आणि एकेकाने, पुढच्या दाराने. कुंदा आधी.”

कुंदा उतरली तसा आकडा तीसने उतरला. पुढच्या चाकांवर माझी बहीण फक्त तीस किलो होती, आणि थोड्या वेळापूर्वी तेवढंही पुरत नव्हतं.

क्रेनने गाडी आली. विलासरावांच्या गळ्यात हात अडकवलेला, चाकं टेकतानाच्या दणक्यात खांद्याचं हाड मोडलं होतं. आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते असं: “ताई, अठ्ठावीस गुणांना हे व्हायला नको होतं.” पूर्वीची मी असते तर या वाक्याचं सोनं केलं असतं. पण तो अठ्ठावीस माझा होता. त्यांनी पत्रिकेवर विश्वास ठेवला तो अडाणीपणाने. मी त्यांच्या हाती पत्रिका दिली ती शहाणपणाने. दोहोंत जास्त नालायक कोण, हे सांगायला लेप लागत नाही.

कंपनीला मी सविस्तर पत्र लिहिलं. गुण काढून टाका, धावत्या गाडीचे आकडे दाखवा, भार मागे गेला तर सरळ मराठीत लिहा की पुढची चाकं हलकी झालीत, थांबा. उत्तर आलं. अभिप्रायाबद्दल आभार. ग्राहकांना गुणमीलन अतिशय आवडतं. पुढच्या आवृत्तीत मंगळही पाहण्याचा विचार आहे. मी ते पत्र कारखान्यात काट्याच्या वर चिकटवलं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘येथे माणसांसकट, पाणी भरून वजन केले जाईल.’ रोज दोन-तीन खुराडीवाले ते वाचतात, कपाळाला आठ्या घालतात आणि गुण किती ते विचारतात. मी सांगत नाही.

कुंदाचं घर आम्ही सगळं उकललं. लहान टाकी घेतली आणि ती एक्सलच्या पुढे नेली. जादाचे चारही पाटे काढले. फरशी उचलायला मी आणि मुनीरभाई दोघंच होतो. अठ्ठावन्न किलो भरली. मी तिच्याबद्दल जितकं बोलले होते त्या मानाने अगदीच हलकी. ती ड्रायव्हरच्या पाठीमागे, घराच्या पुढच्या भागात बसवली आणि तिच्यासमोर बाजूच्या भिंतीत खिडकी कापली. ती मी स्वतः कापली.

“मागच्यापेक्षा रुंद झाली,” कुंदा म्हणाली. बस्स, एवढंच. आम्हा बहिणींत माफी मागायची पद्धत नाही. मग म्हणाली, “चार दिवस चल आमच्याबरोबर. यांचा हात अजून दुखतो. आणि तू असलीस की बरं.”

निघायच्या दिवशी सकाळी गाडी काट्यावर घेतली आणि मी आकडा वाचायला बाजूला निघाले. कुंदा खिडकीतून म्हणाली, “तू कुठे चाललीस? येणार आहेस ना? मग चढ. माणसांसकट, असं तूच लिहिलंयस.”

मी चढले. विलासराव पुढे गुपचूप बसले होते. टाकी काठोकाठ भरलेली. इतक्या वर्षांत मी काट्यावर कधी बसले नव्हते. बसल्यावर कळतं की तिथून आकडा दिसत नाही. तो दुसऱ्याने वाचायचा असतो.

“पुढचं ब्येस हाय,” मुनीरभाई बाहेरून ओरडले. मग थोडं थांबले. “पर मागं चाळीस किलो जादा हाय, ताई.”

“चाळीस?” मी म्हणाले. “शक्यच नाही. मी किलो-किलो मोजलंय सगळं.”

कुंदा उठली आणि मागच्या टोकाला गेली. कोपऱ्यात गोधडीखाली पाने-पकडी, जॅक आणि हातोडे भरलेली माझी लोखंडी पेटी होती. आदल्या संध्याकाळी मी ती कुणाला न विचारता ठेवली होती. ही दोघं रस्त्यात काहीतरी घोटाळा करणार, याची मला खात्री होती.

कुंदाने गोधडी बाजूला केली. पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अक्का, म्हातारपणी लोखंड घेऊन हिंडणार का?”

पुढे विलासराव हसले, आणि हाड दुखलं म्हणून कळवळले. मी पेटी दोन्ही हातांनी उचलली, खाली उतरवली आणि परत येऊन ओट्याजवळ बसले.